जफरभाईंनी मला दिलेलं वाक्य

दारव्ह्यात तहसीलच्या रस्त्याला जफरभाईंचा टायपिंग क्लास होता. बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'न्यू लाइट टायपिंग क्लास, मराठी-हिंदी-इंग्रजी' आणि त्याखाली, नंतर कधीतरी वेगळ्या रंगानं लिहिलेलं, 'अर्ज टाइप करून मिळतील'. क्लास सुरू झाला तो वरच्या ओळीवर. पुढे पुढे चालला तो खालच्या ओळीवर.

कापसाला भाव नाही अशी ती लागोपाठची वर्षं. 'पुढच्या साली टाकू पोरीला टायपिंगला' असं बाप सांगून जायचे आणि पुढच्या साली तेच सांगायचे. अर्जाला मात्र रांग. प्रत्येक अर्ज 'मा. महोदय' पासून सुरू होणारा, त्यामुळे जफरभाईंच्या मशीनचा 'म' पार झिजून गेलेला. "पूर्ण यवतमाळ जिल्ह्याचं दुःख या एका 'म'वर येऊन बसलं भाभी," ते मला म्हणायचे आणि तेलाची पिचकारी मारून त्या खिळ्याला पुन्हा कामाला लावायचे.

मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. अमरावतीहून मराठी घेऊन बी. ए. झाले आणि शहाण्णव साली लग्न होऊन दारव्ह्यात आले. आमचं घर क्लासच्या मागच्याच गल्लीत. दुपारची दोन ते चार ही वेळ घरातल्या कुणाच्याच मालकीची नसते, ती मी त्यांच्या क्लासात घालवली आणि मिनिटाला तीस शब्दांची, तिशीची परीक्षा पास झाले. त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती. विद्यार्थ्यानं बोटं कळपाटावर ठेवली की ते वरून पंचा टाकायचे. हात झाकलेले, कळा झाकलेल्या. कुणी पंच्याखाली डोकावलं की फूटपट्टी टेबलावर वाजायची. "पाहू नका. बोटाले मालूम आहे. तुमीच त्याच्यावर भरोसा करून नाही राह्यले." अंगानं किरकोळ माणूस, शर्टाच्या खिशाला कायम रिबिनीचा काळा डाग, पण त्या फूटपट्टीला तहसीलचे कारकूनसुद्धा भ्यायचे, कारण अर्धे कारकून त्यांच्याच पंच्याखालून गेलेले.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर गावातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं धंदा गुंडाळला. त्याच्या ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर जफरभाईंनी आणला. टायपिंगचे दिवस संपत आले हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. पण त्या डब्यात काहीच चालू होईना. यवतमाळहून एक मेकॅनिक आला, म्हणाला, विंडोज टाकून देतो, कॉपी आहे माझ्याजवळ.

"कॉपी म्हणजे? कोणाची?" जफरभाईंनी विचारलं.

"कोणाची म्हणजे काय चाचा, सगळेच टाकतात."

"तीस वर्सं मी लोकायले शपथपत्र टाइप करून देऊन राह्यलो, 'वरील मजकूर खरा आहे' म्हणून. अन् माझ्याच टेबलावर चोरीचा माल ठेवू?"

मेकॅनिक हसला आणि बसस्टँडकडे गेला. जफरभाईंनी मग कुठल्याशा मासिकात वाचलं की लिनक्स नावाची एक सिस्टिम आहे, ती कुणाच्या मालकीची नाही, कुणीही घ्यावी, कुणीही वाटावी, आणि पत्ता कळवला तर तिची सीडी पोस्टानं घरी येते. नेटकॅफेत जाऊन त्यांनी पत्ता भरला. दोन महिन्यांनी परदेशी तिकिटाचा लखोटा आला. त्यांच्या पत्नी, सईदाभाभी, तो हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. त्यांचे मामेभाऊ सौदीला होते, बाहेरच्या लखोट्यातून फक्त वाईटच बातमी येते अशी त्यांची खात्री. "पहिले उघडा, मग चहा," त्या म्हणाल्या. आतून एक चपटी सीडी निघाली. त्या दिवशी चहाला मीही होते.

त्या सीडीची गंमत अशी, की ती मशीनमध्ये काही न टाकताही चालायची. आधी वापरून पाहा, पसंत पडली तर मग बसवा. जफरभाईंना हे इतकं आवडलं की आल्यागेल्याला सांगायचे. "घर पाहाले जातो आपण, तर मालक दारातूनच दाखवते. हा मालक म्हणते, चार दिवस राहून पाहा, सामान हलवू नका, नाही जमलं तर निघा." कुणी म्हणालं, फुकटचं दिसतं काहीतरी, की त्यांची फूटपट्टी वाजायची. "फुकट नाही. मोकळं. दोहीत फरक आहे. फुकट म्हणजे कोणीतरी टाकलेलं. मोकळं म्हणजे कोणीच बांधलेलं नाही."

शिकायला आम्ही दोघंच. ते बावन्न वर्षांचे, मी चौतीसची. त्यांना उंदीर, म्हणजे माउस, धरता यायचा नाही. तीस वर्षं दोन्ही हात कळपाटावर ठेवलेला माणूस, एक हात उचलून बाजूला न्यायचा म्हणजे त्यांना शिस्तीचा भंग वाटायचा. म्हणून ते पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करण्याकडेच वळले. त्या आज्ञा दोन-तीन इंग्रजी अक्षरांच्या, अर्थ काही लागायचा नाही. मग त्यांनी त्या आपल्या करून घेतल्या. एल एस म्हणजे 'लवकर सांग', इथं काय काय आहे ते. सी डी म्हणजे 'चाल दुसरीकडे'. पी डब्ल्यू डी म्हणजे 'पत्ता विचार, दादा', कारण ती दिली की मशीन आपण कुठं आहोत ते सांगतं. आणि कुठल्याही आज्ञेची माहिती हवी असेल तर तिच्या आधी लिहायचं एम ए एन. इंग्रजीत तो कसला तरी संक्षेप आहे. जफरभाई तो सरळ 'मन' असा वाचायचे.

"अडलं का भाभी? मनाले विचारा."

मी विचारायची. मन भराभर पानंच्या पानं इंग्रजी सांगायचं. मी डिक्शनरी घेऊन बसायची आणि त्यांना मराठीत सांगायची. ते टाइपरायटरवर टिपून ठेवायचे. असे तीन महिने गेले. माझ्या आयुष्यात कॉलेजनंतर पुन्हा कुणी मला 'याचा अर्थ काय हो' असं विचारत होतं. घरी मला विचारले जाणारे प्रश्न भाजीचे आणि इस्त्रीचे होते. तक्रार म्हणून लिहीत नाही. फरक सांगते.

एक अडचण आमची पहिल्याच आठवड्यात झाली होती, ती इथं सांगायला हवी. त्या जुन्या मशीनचा आतला सेल संपलेला. रोज सुरू केलं की तारीख एक जानेवारी दोन हजार दोन. ती बदलायला पासवर्ड द्यावा लागायचा. मी काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करायला लागले तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, चांदणी नाही, ठिपका नाही. मला वाटलं कळपाट बिघडला. एकेक कळ तीन-तीनदा दाबली. मशीननं सांगितलं, चुकलं, पुन्हा द्या. सात वेळा हेच. शेवटी जफरभाईंनी माझ्या हातांवर पंचा टाकला आणि म्हणाले, "आता लिहा." मी न पाहता लिहिलं आणि लागलं.

त्यांना त्या सिस्टिमची ही गोष्ट सगळ्यांत आवडली. "शहाणं आहे. गुपित काय वाजवून सांगायचं असते का?" ते म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे हात झाकले, त्याला न दिसणं खटकणार कसं?

आता शाळेचं. माझे यजमान गोविंदराव गावातल्या एका खाजगी संस्थेच्या मुलींच्या शाळेत कारकून होते. अकरा वर्षं झाली तरी त्यांच्या कायम मान्यतेची फाइल सुटली नव्हती. ती संस्थेचे सचिव फुलचंदजी यांच्या टेबलावर होती. याच शाळेला कुणा देणगीदाराकडून पाच जुने कॉम्प्युटर आले होते आणि वर्ष झालं तरी पोत्याखाली पडून होते, कारण त्यांत घालायची सिस्टिम विकत घ्यायला संस्था तयार नव्हती. माझी सोनू तेव्हा सहावीत, त्याच शाळेत. मीच एकदा हेडमास्तरांजवळ जफरभाईंचं नाव काढलं. हेडमास्तरांनी ते वर नेलं. ठरलं असं, की जफरभाईंनी पाचही मशीन चालू करून द्यायची, एक कार्यक्रम करायचा, फुलचंदजींना पसंत पडलं तर जफरभाईंना जूनपासून शाळेत कॉम्प्युटरचे शिक्षक म्हणून घ्यायचं. टायपिंग क्लासात तेव्हा तीन विद्यार्थी उरले होते. सईदाभाभींनी शाळेत घालून जायला दोन शर्ट शिवायला टाकले. मी म्हटलं, आधी होऊ तर द्या. त्या म्हणाल्या, "टेलर दोन महिने लावते. तोवर होईल."

शाळेच्या मशीनचेही सेल संपलेलेच. जफरभाईंना त्यातून एक कल्पना सुचली. फीत कापण्यापेक्षा पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं मशीनला आजची तारीख द्यायची. "दोन हजार दोनमध्ये झोपलेलं मशीन साहेबांच्या हातानं जागं होईल. याच्यापेक्षा चांगलं उद्घाटन कोणतं?"

"पण त्याला पासवर्ड लागेल," मी म्हटलं. "आणि तो दिसत नाही. माझं काय झालं होतं, विसरलात का? फीतच कापू."

"म्हणून तर तुमाले बसवतो साहेबांच्या बाजूला. मी माइकवर राहीन, पोरींले समजावून सांगाले. तुमी फक्त एक वाक्य बोला. 'दिसत नाही साहेब, पण जाऊन राह्यलं. लिहीत राहा.'"

"'जाऊन राह्यलं' नाही म्हणणार मी. 'जातंय' म्हणेन."

"तुमचं पुस्तकातलं म्हणा. पण म्हणा."

त्यांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं, परीक्षेआधी विद्यार्थ्याकडून घ्यावं तसं.

एप्रिलमधला दिवस. वर्गात पंखा एक, पोरी साठ. पाचही मशीन चालू, त्यांवर हळदी-कुंकू, समोर नारळ. मधल्या मशीनपुढे फुलचंदजींची खुर्ची, तिच्या शेजारी माझं स्टूल. मी डोक्यावर पदर घेतलेला. शिक्षक भिंतीला लागून उभे, त्यांत गोविंदराव. जफरभाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला माइकपाशी, तोंड पोरींकडे, पाठ आमच्याकडे. नवा शर्ट एकच शिवून झाला होता, तो घातलेला. ते पोरींना सांगत होते की हे ज्यांनी बनवलं त्यांनी कुलूप न लावता दिलं, म्हणून तुम्हालाही आतून उघडून पाहता येईल, दुरुस्त करता येईल.

मी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून फुलचंदजींपुढे ठेवला. सहा अक्षरं. गावाचंच नाव, इंग्रजीतून.

फुलचंदजींनी एका बोटानं पहिली कळ दाबली. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा दाबली. पुन्हा पाहिलं. मग तीच कळ जोरानं दोनदा. माझ्यासारखंच, अगदी तसंच. माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं. मी मान वर केली आणि समोर गोविंदराव दिसले. त्यांनी नुसती मान हलवली. इतकी थोडी की शेजारच्या शिक्षकाला कळली नसेल. अर्थ मला पूर्ण कळला. सचिवांना, साठ पोरी आणि सगळा स्टाफ पाहत असताना, कारकुनाच्या बायकोनं शिकवायचं नाही. त्याच आठवड्यात फुलचंदजी त्यांना फाइलीबद्दल 'बघू' म्हणाले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा 'बघू'.

मला सुचलं नाही असं झालं नाही. मला धीर झाला नाही असंही मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं, तेही खरं नाही. मी हिशेब केला. एका श्वासात झाला तो.

मशीननं सांगितलं, चुकलं, पुन्हा द्या. फुलचंदजींनी पुन्हा दिलं. पुन्हा चुकलं. मागून एक पोर हसली, तिच्यामागे दहा हसल्या. तिसऱ्या वेळी मशीननं त्यांना नाकारलंच. तेव्हा ते खुर्ची मागे सारून उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "जफर, तुझं हे फुकटचं आहे म्हणून मुकं आहे का रे?"

आता मात्र सगळेच हसले. शिक्षक जरा जास्तच हसले. जफरभाई वळले. त्यांनी आधी पडदा पाहिला, मग साहेबांना, मग मला. ते झपाझप आले, म्हणाले, "साहेब, ते दिसत नाही, पण," आणि वाकून स्वतः लिहायला लागले. तारीख लागलीही. पण साहेब दाराबाहेर पोचले होते आणि पोरी नारळाकडे पाहत होत्या. फुकट हा शब्द ऐकूनही जफरभाईंनी कुणाला फरक समजावला नाही. फूटपट्टी त्यांच्याजवळ नव्हती त्या दिवशी.

शाळेनं मग यवतमाळचा एक ठेकेदार आणला. त्यानं जफरभाईंचं सगळं पुसून दुसरं काही टाकलं, दोन महिने वरच्या वर्गांना शिकवलं आणि यायचा थांबला. मशीनमध्ये व्हायरस शिरला, एकेक करून बंद पडली, खोलीला कुलूप लागलं. सोनू दहावी झाली तोवर तिनं त्या खोलीतल्या कळपाटाला हात लावलेला नव्हता. मी तिला घरी शिकवू शकले असते, पण घरी मशीन नव्हतं, आणि जफरभाईंकडे जायला मला तोंड नव्हतं. मी दुपारी झोपायला लागले.

त्यांच्याबद्दल कानावर यायचं ते सईदाभाभींकडून, बाजारात भेटल्या की. दुसरा शर्ट टेलरकडून आणलाच नाही म्हणाल्या. वर्षभरानं त्यांनी क्लास बंद केला, टाइपरायटर भंगारात दिले आणि दोघंही यवतमाळला गेले. तिथं दत्त चौकाच्या बाजूला त्यांचा पुतण्या परवेज याचं मोबाइलचं दुकान होतं.

त्या कार्यक्रमानंतर चार वर्षांनी, सोनूला कॉलेजात घालायला यवतमाळला गेले, तेव्हा मी ते दुकान शोधलं. सोनूला तिच्या मैत्रिणीकडे सोडलं आणि एकटी गेले. जफरभाई काउंटरच्या मागं बसून कुणाच्या मोबाइलच्या काचेवर पारदर्शक कागद चिकटवत होते. चष्मा जाड झाला होता. मला पाहून उठले, स्टूल पुसलं, परवेजला चहा सांगायला पाठवलं.

"सोनू कितवीत?"

"अकरावीत घालायची आहे. सायन्सला."

"कॉम्प्युटर येते का तिले?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "जफरभाई, त्या दिवशी..."

"माझीच चूक होती ती, भाभी," ते मध्येच म्हणाले. "घरच्या सुनेले चार मर्दांत बोलाले लावायचं, हे मले समजाले पाहिजे होतं. तुमी फीत कापू म्हटलं होतं."

हे ऐकून घ्यायचं, चहा प्यायचा आणि निघायचं, असं मला करता आलं असतं. त्यांनी वाट मोकळी करून दिली होती. पण मी चार वर्षं दुपारी झोपून काढली होती.

"तसं नाही. मला बोलता येत होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

त्यांनी कागदाखालचा बुडबुडा नखानं काठाकडे सरकवला.

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "मी वळलो तेव्हा तुमी साहेबाकडे नव्हत्या पाहत. गोविंदरावाकडे पाहून राह्यल्या होत्या."

परवेज चहा घेऊन आला. एक कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला, बशी पुसून.

"मग? झालं का गोविंदरावांचं? मान्यतेचं?"

"झालं," मी म्हटलं. "त्याच जूनमध्ये."

"चला. कोणाचं तरी झालं," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. ते खरोखरच विचारत होते आणि उत्तर ऐकून त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते मला टोमण्यापेक्षा जड गेलं. गिऱ्हाईक आलं. त्यांनी मोबाइल त्याच्या हातात दिला, म्हणाले, पाहून घ्या, एकही बुडबुडा नाही. मी उरलेला चहा गार झालेला तसाच प्यायले आणि सोनूला घ्यायला निघाले.